रविवारचं बटण

मी एकदा एका यंत्राला जास्वंदीचं फूल वाहिलं आणि त्यापायी एका माणसाचं गाणं कायमचं घालवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना ‘किती समंजस आजी’ असं कुणाच्या मनात यायला नको. तेव्हा मी तरुण होते, एकसष्ट वर्षांची. त्या वयात बाईला वाटतं आपल्याला सगळं कळतं. सत्तरी ओलांडली की ध्यानात येतं, आपल्याला फार तर पंचांग कळत होतं, तेही अर्धं.

यंत्र आमच्या घरमालकांचं. गाणं त्यांच्या मित्राचं. फूल आमच्या कुंडीतलं, म्हणजे माझं.

घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, मीही म्हणायचे. वयानं ते माझ्याहून दोन वर्षांनी धाकटे, पण घरमालक कधी धाकटा नसतो. बंगळुरात मल्लेश्वरमच्या एका आतल्या क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते एकटे, वर भाड्यानं आम्ही: मुलगा, सून, नात आणि मी. घर बघायला गेलो त्याच दिवशी मला कळायला हवं होतं. त्याआधी सहा घरं बघून झाली होती आणि सहाही ठिकाणी तेच प्रश्न. मांस-मच्छी खाता काय, पाहुणे किती येतात, भिंतीत खिळे ठोकणार काय. अण्णांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि सुनेला विचारलं, “तुमचा मिक्सर कुठल्या सुरात वाजतो?”

सून पुण्याची. तिनं माझ्याकडं बघितलं. मी निपाणीची, आमच्याकडं वेड्यालाही उत्तर देतात. म्हटलं, “अजून विचारलं नाही त्याला.”

“सरी, ठीक आहे,” अण्णा खूश होऊन म्हणाले. “खावा काय पाहिजे ते. पाहुणे आणा, खिळे मारा. फक्त रविवारी साडेतीन ते सहा मिक्सर नको, कुकर नको, देवाची घंटा नको. तेवढं सोडून घर तुमचं.”

त्यांचं मराठी असं. पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकलं, पण कन्नडचा हात धरून चालणारं. ‘थोडं’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही, सगळं ‘स्वल्प’. पहिले सहा महिने मी मनातल्या मनात त्यांचं मराठी दुरुस्त करायचे. सातव्या महिन्यात मुलाला म्हणाले, “स्वल्प सरक रे तिकडं.” सून हसली. मी तिला विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे.

अण्णांनी टेलिफोनच्या कारखान्यात सव्वीस वर्षं रिसीव्हर तपासले होते. रिसीव्हर कानाला लावायचा, पलीकडून कुणीतरी ‘हॅलो’ म्हणायचं. आवाज स्वच्छ असला तर तो डाव्या खोक्यात, खरखर आली तर उजव्या. कारखाना आटत गेला तशी त्यांनी लवकर निवृत्ती घेतली, आणि निवृत्त माणसं करतात त्यातलं काहीही न करता इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. “सव्वीस वर्षं मी खरखर उजवीकडं फेकली अक्का,” ते म्हणायचे. “ती काय म्हणत होती ते कुणी ऐकलंच नाही.”

खाली लुंगी, वर कारखान्याचा निळा शर्ट, कानांवर वाटीएवढे हेडफोन, आणि हेडफोन घसरू नयेत म्हणून त्यावरून माकडटोपी. एप्रिलमध्येसुद्धा. या अवतारात ते फाटकापर्यंत दूध घ्यायला जात. नवी दूधवाली एकदा मला हळूच विचारून गेली, यांना कानाचं दुखणं आहे का. मी म्हटलं, “यांना नाही. आम्हाला आहे.”

त्यांच्या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात. मी नातीला अर्थ विचारला, ती तेव्हा नववीत होती. म्हणाली, “आजी, ते ऐकताना डोळे मिटले की रंग दिसायला पाहिजेत.” मी डोळे मिटले. मला पिठाच्या गिरणीत अडकलेलं मांजर दिसलं. त्यात शब्द नसत, ठरवलेली चाल नसे. अण्णा गिटारवर एकच स्वर सोडत, आणि तो भिंतीवर आपटून, लांब जाऊन, परत येताना भलत्याच कुणासारखा होऊन येई. मग त्यालाच दुसरा स्वर जाऊन भेटे. चाळीस मिनिटं हे चाले. एकदा वाजवलेलं परत वाजवायचं नाही, हा त्यांचा नियम. “काल काय वाजवलं ते आठवून आज वाजवलं तर ती हजेरी झाली,” ते म्हणत. “हजेरी कारखान्यात लावली की.”

वाजवायची खोली म्हणजे त्यांची झोपायची खोली. तिथं चारी भिंतींना लग्नघरातल्यासारख्या गाद्या उभ्या केलेल्या. झोपायला मात्र चटई. एक दिवस वर येऊन म्हणाले, “अक्का, जुनी गोधडी आहे काय? नवीन नको. नवीन कापूस आवाज पीत नाही.” मी माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी दिली. ती त्यांनी दाराला टांगली आणि आठवड्यानं येऊन गंभीरपणे सांगितलं, “आईनं लय आवाज पिला.” माझी आई आयुष्यभर तेच करत होती. पण ते त्यांना सांगितलं नाही.

उलट जिथं आवाज घुमायला हवा, तिथं ते सगळं घर वापरत. आमच्या अंगणाखाली पाण्याचं मोठं टाकं होतं, इथं त्याला संप म्हणतात. कावेरीचं पाणी दोन-दोन दिवस आलं नाही की सारं बंगळूर कपाळाला हात लावतं. अण्णा तेवढे खुलायचे, कारण रिकाम्या संपात जसा आवाज घुमतो तसा देवळातही घुमत नाही. आधी वाजवून ठेवलेली गिटार ते एका स्पीकरवर लावत, तो स्पीकर दोरीनं संपात सोडत, शेजारी एक माइक सोडत, आणि खालून जो घुमणारा आवाज येई तो नव्यानं टिपून घेत. एकदा हे चाललेलं असताना टँकर आला. वर सून केसांना तेल चोपडून, शाम्पूची बाटली हातात घेऊन उभी. टँकरवाल्यानं पाइप ओढत आणला, तर अण्णा संपाच्या तोंडाशी उकिडवे बसलेले.

“स्वल्प थांबा. आत गिटार आहे.”

टँकरवाला वाकून बघायला लागला. “पडली काय सार्? दोरी टाकू?”

“पडली नाही. सोडलीय.”

त्यानं पाइप खाली ठेवला. मी वरून बघत होते, मला वाटलं आता हा ओरडणार. तो पायरीवर बसला, ऐकत राहिला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, “आमच्या गावात विहिरीतली भुतं अशी गातात म्हणे.” अण्णांचा चेहरा असा उजळला की परीक्षेत पहिलं आलेलं पोर. त्यांनी त्याला कॉफी पाजली. सुनेनं तासाभरानं अंघोळ केली, आणि महिनाभर अण्णांशी बोलली नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण त्या महिन्यात ते मिक्सिंग करत होते.

मिक्सिंग काय असतं ते मला त्यांनी एकदा पायरीवर बसून समजावलं. “घरात पाहुणे आलेत समजा. मोठ्यानं बोलणाऱ्याला दाराजवळ बसवायचं. हळू बोलणाऱ्याला मध्ये. आणि ज्याला काहीच बोलायचं नाही, त्याला खिडकीशी, म्हणजे त्याचं गप्प बसणं दिसतं. बस्स, तेवढंच काम.” तेवढ्याच कामाला त्यांना चार-चार आठवडे लागत. पाहुणे बसवून झाले की शेवटची परीक्षा रिक्षात. रस्त्यावर जाऊन चांगला स्पीकर असलेली रिक्षा शोधायची, ड्रायव्हरला आपलं गाणं लावायला द्यायचं, आणि राजाजीनगरपर्यंत जाऊन परत यायचं. खड्डे, हॉर्न, बस, सगळ्यांतून जे ऐकू येईल ते खरं. एका ड्रायव्हरनं नवरंग टॉकीजच्या... नाही, कुठल्या सिग्नलला ते आता आठवत नाही, पण सिग्नलला मागं वळून नम्रपणे विचारलं, “सार्, गाणं कधी सुरू होणार?” दुसरा कुणी असता तर रिक्षातून उतरला असता. अण्णा घरी आले आणि त्यांनी सुरुवातीची चार मिनिटं कापून टाकली. “बरोबर आहे त्याचं,” म्हणाले. “आम्ही दारातच लय वेळ चपला काढत बसलो.”

आता अण्णा विमानतळाजवळ, देवनहळ्ळीच्या पलीकडं राहतात. घर विकलं, तिथं आता चार मजले उभे आहेत. मी त्यांना एकदा फोनवर विचारलं, अहो तिकडं दर पाच मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं, रेकॉर्डिंग कसं करता? म्हणाले, “विमानाला घेतलंय की वाजवायला.”

पण मला बटणाकडं यायचंय, आणि मी टाळत बसलेय.

अण्णांचं म्हणणं असं, की रेकॉर्डिंगचा लाल दिवा डोळ्यांपुढं लागला की माणूस फोटोला उभं राहिल्यासारखा वाजवतो. म्हणून यंत्र खोलीत नको. त्यांनी खिडकीतून वायरी वर आणल्या आणि यंत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं, देव्हाऱ्याच्या शेजारी. यंत्राला एक बटण. दाबलं की सुरू, दिवा लाल. पुन्हा दाबलं की बंद. खालच्या खोलीतून एक सुतळी वर येई, तिचं एक टोक माझ्या खिडकीच्या गजाला, चिमट्यात अडकवलेल्या पिवळ्या फडक्याशी, आणि दुसरं टोक अण्णांच्या पायाच्या अंगठ्याला. वाजवता वाजवता त्यांना वाटलं की आता खरं सुरू झालं, की अंगठा हलवायचा. वर फडकं हललं की मी बटण दाबायचं. संपलं की पुन्हा अंगठा, पुन्हा फडकं, पुन्हा बटण. मित्राला कळायचंही नाही, टिपायला कधी लागलो ते.

रविवारी मुलगा-सून नातीला घेऊन सुनेच्या मावशीकडं जात, तेव्हा हे काम माझ्याकडं आलं. तीन वर्षं मी ते चोख केलं. कानांत कापसाचे बोळे घालून, मेथी निवडत. हो, कापसाचे बोळे. अण्णा दर वेळी विचारत, “आज कसं वाटलं अक्का?” आणि मी म्हणे, “मागच्यापेक्षा बरं.” तीन वर्षांत मी त्यांना इतकं प्रोत्साहन दिलं, एकही सूर धड न ऐकता.

मित्र म्हणजे प्रेसवाले. हे नाव मी पाडलं. त्याच कारखान्यात ते पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. प्रेसचा ठोका पडायचा, मधल्या वेळेत पत्रा सरकवायचा, पुन्हा ठोका. त्या ठोक्यांतून त्यांच्या हातात ताल शिरला असं अण्णा म्हणत. राजाजीनगरहून बसनं येत, ड्रमच्या काड्या छत्रीच्या खोळीत घालून. आभाळ नसलेल्या दिवशी लोक त्यांच्याकडं बघत. ड्रम वाजवताना ते गातही असत. शब्द नाहीत, नुसता आवाज. कधी हाक मारल्यासारखा, कधी लांबच्या कुणाला ‘ओ’ दिल्यासारखा. कापसातूनही तेवढा यायचा.

मग तो आवाज बसला. बसला तो उठेना. घसा तपासला, आणि एका गुरुवारी ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्रच काढायचं होतं. हात-पाय ठीक राहतील, ड्रम वाजवता येतील, पण बोलणं-गाणं संपलं, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. घरी बायकोनं फोन समोर धरून “काहीतरी बोला की, ठेवायला” म्हटलं, तर ते ताठ बसून “नमस्कार” एवढंच म्हणाले. अण्णांना मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं, “येत्या रविवारी गातो. जेवढा उरलाय तेवढा सगळा.”

त्या रविवारी त्यांना यायला सव्वाचार झाले. एरवी चारच्या आत सुरू होई. मी खिडकीतून बघितलं, प्रेसवाले हळू चालत आले, गळ्याला मफलर, हातात छत्रीची खोळ आणि एक डबा. अण्णांनी नेहमीप्रमाणं दोघांचे फोन पोह्यांच्या रिकाम्या डब्यात घालून बाहेर पायरीवर ठेवले, कारण फोन जवळ असला की यंत्रात गुरगुर येते. ते आत गेले. मी घड्याळाकडं बघितलं. साडेचारला राहुकाळ लागत होता.

राहुकाळ मला बंगळुरात भेटला. निपाणीत आमच्या घरी त्याचं एवढं कौतुक नव्हतं. इथं आले तर बघते, माणसं राहुकाळात नवी चप्पलसुद्धा घालत नाहीत. मी ते नव्या सुनेच्या उत्साहानं उचललं. मूळच्या लोकांपेक्षा जास्त पाळायला लागले. आणि आता या माणसाचं शेवटचं गाणं राहुकाळात सुरू होणार, गुरुवारी त्याचं ऑपरेशन. मला काही ते बघवेना. अण्णांना सांगून ते ऐकणारे नव्हते. मग मला उपाय सुचला. सुरुवातच आधी करून ठेवायची. चार वाजून बावीस मिनिटांनी मी हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि बटण दाबलं. दिवा लाल झाला. झालं, शुभवेळेत आरंभ झाला, आता ते केव्हाही वाजवोत. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी कुंडीतलं टपोरं जास्वंदीचं फूल आणलं आणि यंत्राला वाहिलं. बरोबर दिव्यावर.

पावणेपाचच्या सुमारास फडकं हललं.

तीन वर्षांची सवय. हात पुढं गेला आणि त्यानं बटण दाबलं. मी तुम्हाला शपथेवर सांगते, मला कळलंही नाही. फडकं हललं, बटण दाबलं, कर्तव्य झालं. फुलाखाली दिवा विझला तो फुलालाच ठाऊक.

आणि त्या दिवशी मी कानांतला कापूस काढला. म्हटलं, शेवटचं आहे, ऐकू दे. मेथी तशीच टाकून मी जिन्यात जाऊन बसले, यंत्राकडं पाठ करून.

काय ऐकलं ते मला नीट सांगता येणार नाही. गिटार आधी अगदी बारीक होती, दूर कुणी भांडं पुसत असावं तशी. ड्रम काठी न आपटता नुसते हातानं चोळले जात होते. मग प्रेसवाल्यांचा आवाज आला. फाटलेला, घासलेला, मध्येच तुटणारा. तुटला की ते थांबायचे नाहीत, जिथं तुटला तिथूनच पुढं न्यायचे, आणि अण्णा गिटार एकदम खाली घेऊन त्याला वाट करून द्यायचे. एक वेळ अशी आली की आवाज संपला, नुसता श्वास राहिला, आणि ते श्वासावरच गात होते. मी भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती. रंगबिंग दिसले नाहीत. तीन वर्षं कानांत कापूस घालून बसलेली एक बाई मात्र स्पष्ट दिसली.

संपलं. मी डोळे पुसून आत आले, फडकं हललं, आणि बटणाकडं हात नेला. फूल कलंडलं होतं. त्याखाली अंधार. बाजूच्या आकड्यात तेवीस मिनिटं, आणि तो आकडा हलत नव्हता.

अण्णा दोन-दोन पायऱ्या चढत आले. माकडटोपी मागं सरकलेली, चेहरा घामानं चमकणारा. “आलं काय अक्का सगळं?”

मी फुलाकडं बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. राहुकाळ, हात धुणं, नमस्कार, फूल, काही गाळलं नाही. ते यंत्रापुढं उभे राहिले. मग तिथंच फरशीवर बसले. शेवटी म्हणाले, “कापूससुद्धा काढला होता म्हणता?”

म्हणजे कापूस त्यांना तीन वर्षं माहीत होता.

ते खाली गेले, मागोमाग मी. प्रेसवाले स्टुलावर बसून मफलर गुंडाळत होते. अण्णांनी सांगितलं, आणि मग असं काहीतरी म्हणाले जे त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. “परत वाजवूया?”

प्रेसवाल्यांनी मान हलवली, नाही. घशाकडं बोट केलं. उरलेलं सगळं देऊन झालं होतं. माझा चेहरा बघून ते हसायला लागले, हसताना खोकले, आणि घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, “बरं झालं अक्का. लय बेसूर गेलो होतो.” मी जिन्यात बसून ऐकलं होतं. ते खोटं बोलत होते.

गुरुवारी ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पुढं दीड महिना रविवारी फडकं हललं नाही. मी प्रायश्चित्त म्हणून गुरुवारचे उपास धरले, आणि साबुदाण्यानं दोन किलोंनी वाढले. अण्णांशी नजर टाळायचे. प्रेसवाल्यांच्या बायकोला भेटायला जायचं धैर्य तर झालंच नाही. तिच्यासमोर उभी राहून मी काय सांगणार होते, पंचांग?

एका सकाळी अण्णा वर आले. माकडटोपी हातात. “अक्का, ती तेवीस मिनिटं काय आहेत ती ऐकली काय कुणी?” मी कशाला ऐकते. मला वाटत होतं तिथं काही नाहीच. त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

ते दोघं खोलीत शिरल्यापासून सुतळी ओढेपर्यंतचं सगळं त्यात होतं. माइक उघडे, आणि कुणाला पत्ता नाही. पंखा फिरतोय. अण्णा तारा लावतायत. प्रेसवाले कारखान्यातल्या कुठल्या सुपरवायझरची नक्कल करतायत. मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज, आणि त्यांचा तो बसलेला, खरखरता आवाज: “हे बघ. घशाला मऊ म्हणून हिनं उप्पिट्टू दिलंय. मऊ कसलं, यानं भिंतीतली भोकं बुजतील. चाळीस वर्षं असंच करतीय.”

अण्णा म्हणतात, “मग खाऊ नको.”

“खाऊ नको काय? तसाच डबा घरी नेला तर ऑपरेशनला गुरुवारपर्यंत थांबायला नको.”

दोघं हसतात. मग ते उप्पिट्टू, म्हणजे आपलं उप्पीट, चावून खाल्ल्याचा आवाज, चमच्यानं डबा खरवडल्याचा सुद्धा. मग घसा उघडतो का ते बघायला अर्धा मिनिट एक गुणगुण. मग, “चल. ओढ तुझी सुतळी.” आणि तिथं माझं बोट पडतं.

अण्णांनी त्या तेवीस मिनिटांचं मिक्सिंग केलं. सहा आठवडे. पंख्याला मागच्या खोलीत बसवलं, गिटारच्या तारांना खिडकीशी, रस्त्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याला फाटकाबाहेर, पण हाकललं नाही. मध्ये प्रेसवाले. फक्त एका जागी त्यांचा हात अडत होता. ते मला विचारायला आले, आणि त्यांनी माझ्यासारखीला का विचारावं हे मला अजून कळलेलं नाही.

“ते उप्पिट्टूचं काढू काय? वहिनीसाठी करतोय हे. ती ऐकणार. त्याला आता ‘गंमत केली’ म्हणायला पण येत नाही.”

मी लगेच शहाणपणा पाजळला. “काढाच. बिचारीनं मायेनं करून दिलं, आणि नवऱ्याच्या आवाजात तिला कायम हेच ऐकायचं का?”

“काढलं तर पुढं दोघं कशाला हसतो ते कळत नाही.”

“मग हळू करा.”

त्यांनी हळू केलं. त्या दोन वाक्यांवर पंखा चढवला, तारा लावायचा आवाज पुढं ओढला. उप्पिट्टू कोपऱ्यात, अंधारात बसवलं.

नवरा-बायको ऐकायला आले तो बुधवार होता, सकाळची अकराची वेळ. प्रेसवाल्यांच्या गळ्यावर पांढरा रुमाल, खिशात लिहायची वही. मी खिडकीतून बघितलं आणि आत पळाले. लाजेनं डाळ शिजत लावली, कुकरच्या शिट्टीत माझं काही ऐकू येऊ नये म्हणून. खरं तर मी काही बोलतच नव्हते. खाली तेवीस मिनिटं चालली असतील. मग जिन्यावर बायकी पावलं वाजली.

ती दारात उभी राहिली. केस हेडफोननं दोन्ही बाजूंनी चपटे झालेले. हातात छोटी पिशवी, पदर दातांत धरलेला. मी गॅस बंद केला आणि महिनोन्‌महिने मनात घोकलेलं वाक्य सुरू केलं, “वहिनी, माझ्या मूर्खपणामुळं त्यांचं...” तिनं हात वर करून मला थांबवलं, पदर दातांतून सोडला आणि म्हणाली, “अक्का, अण्णांना सांगा, माझ्या उप्पिट्टूला नावं ठेवलीत ते स्वल्प मोठं करा, पंख्यामुळं नीट ऐकू येत नाही.”